कावीळ झालीय, पण कोणती? घोडबंदर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगचा अनुभव आणि काही प्रश्न

अबोली_घोडबंदर (धागाकर्ती)
२४ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मुलगा झोपलाय, दीर हॉस्पिटलमध्ये आहेत, नवरा त्यांच्याजवळ. घर शांत झालं की डोक्यातले प्रश्न जास्तच आवाज करतात, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही मानपाड्याच्या पुढे राहतो. मुलगा नऊ वर्षांचा. बारा दिवसांपूर्वी त्याला बारीक ताप आणि उलट्या सुरू झाल्या. पोळीचा वाससुद्धा नको म्हणायचा. जवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून हाक आली, "आई, शू चहासारखी झालीय." बघितलं तर खरंच, कोऱ्या चहासारखी. घरात ट्यूबलाइटच्या उजेडात डोळे ठीक वाटत होते. गॅलरीत नेलं, खालची पापणी ओढली, वर बघ म्हटलं, तेव्हा बुबुळाच्या कडेला हळदीचं बोट लागल्यासारखं पिवळं दिसलं. रिपोर्टमध्ये बिलिरुबिन ६.२, एसजीपीटी १८४०. पायाखालची जमीन सरकली. पण पाच दिवसांत ताप गेला, आणि आता तो वरणभात मागून खातोय.

त्याच्यामागोमाग दीर आजारी पडले. वय ४१, कधी साधी सर्दी होत नाही असा माणूस. त्यांचं बिलिरुबिन १४ वर गेलं, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.६ आला आणि त्यांना ॲडमिट करावं लागलं. एकच घर, एकच पाणी. मग लहान मुलाला हलक्यावर निभावलं आणि धडधाकट माणसाला इतकं का?

बिल्डिंगमध्ये चौकशी केली तर आणखी पाच जण आजारी निघाले. एक ताई सात महिन्यांच्या गरोदर आहेत, त्या अजून ठीक आहेत. सासूबाई माळ घालूया म्हणून मागे लागल्यात. शेजारी उसाचा रस आणून देतायत. जो तो म्हणतो "कावीळ आहे ना, मग हे करा". कोणती कावीळ, हे मात्र आजवर एकानेही विचारलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहिती असेल तर सांगा.


नानाकाका_कोपरी
२५ जुलै, सकाळी ७.०५

अबोलीताई, काळजी करू नका. माझ्या लहानपणी पेणला आमच्या आत्याकडे माळ मिळायची. डोक्यावर ठेवायची, मग ती वाढत वाढत गळ्यात, गळ्यातून छातीपर्यंत उतरायची. माळ उतरली की कावीळ उतरली. मला स्वतःला झाली होती, माझ्या दोन भावांना झाली होती, तिघंही बरे झालो. डॉक्टरांचं औषध चालू ठेवून माळही घाला, त्यात तोटा काही नाही.


निळी_छत्री
२५ जुलै, सकाळी ८.२०

वाचतेय. आमच्या कासारवडवलीच्या सोसायटीतही दोन केसेस आहेत. उत्तरांची वाट बघते.


शुभ्रा_ऐरोली
२५ जुलै, दुपारी ३.१५

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, चौदा वर्षं झाली. पावसाळा सुरू झाला की तीन-चार आठवड्यांनी आमच्या खाटा पिवळ्या डोळ्यांच्या मुलांनी भरायला लागतात. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. कावीळ हे आजाराचं नाव नाही, ते लक्षण आहे. रक्तातलं बिलिरुबिन वाढलं आणि ते डोळ्यांत, कातडीत दिसायला लागलं, एवढाच त्याचा अर्थ. ते का वाढलं, याची वेगळी तपासणी करावी लागते. पावसाळ्यात एकाच इमारतीत सात जणांना झाली म्हणजे संशय पहिल्यांदा हेपटायटिस ए किंवा ई वर जातो. दोन्ही विषाणू आजारी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाण्यातून, अन्नातून दुसऱ्याच्या तोंडात जातात. त्यांना ओळखायला आयजीएम अँटी-एचएव्ही आणि आयजीएम अँटी-एचईव्ही अशा रक्ताच्या तपासण्या आहेत. मुलाची आणि दिरांची ही तपासणी झाली आहे का, ते आधी विचारा.

मुलाला हलकी आणि दिरांना जड का? हेपटायटिस ए असेल तर तो असाच वागतो. सहा वर्षांखालच्या साधारण ७० टक्के मुलांत काही लक्षणंच दिसत नाहीत, आई म्हणते पोट बिघडलं होतं आणि विषय संपतो. मोठ्या माणसांत मात्र ७० टक्क्यांहून जास्त जणांना कावीळ दिसते आणि अंगातली शक्ती महिना-महिना परत येत नाही. आपल्या आधीच्या पिढीतल्या बहुतेकांना हा संसर्ग लहानपणीच होऊन जायचा आणि त्यांना जन्मभराचं संरक्षण मिळायचं. आता फ्लॅटमध्ये फिल्टरच्या पाण्यावर वाढलेली मुलं त्यातून सुटतात, मोठी होतात, आणि नोकरीच्या वयात पहिल्यांदा त्यांची या विषाणूशी गाठ पडते. म्हणून हल्ली तिशी-चाळिशीतले पेशंट जास्त दिसतात.

आणखी एक. डोळे पिवळे होण्याच्या आधीचे साधारण दोन आठवडे माणूस सगळ्यात जास्त विषाणू बाहेर टाकत असतो. म्हणजे तुम्हाला कळलं तेव्हा तो बराचसा पसरून झाला होता. यात कुणाचा दोष नाही. पण कावीळ दिसल्यापासून निदान आठवडाभर मुलाला शाळेत पाठवू नका, त्याचा टॉवेल-पेला वेगळा ठेवा, आणि संडासनंतर साबणाने हात धुण्याबाबत घरात कुणालाच सूट देऊ नका.

गरोदर ताईंबद्दल मात्र मी हात जोडून सांगते, वाट बघू नका. हेपटायटिस ई एरवी आपोआप बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर २० ते २५ टक्क्यांपर्यंत बायका दगावू शकतात. त्यांनी उद्याच त्यांच्या डॉक्टरांना बिल्डिंगमध्ये काय चाललंय ते सांगून तपासणी करून घ्यावी. शक्य असेल तर थोडे दिवस माहेरी गेलेलं बरं, आणि इथे असेपर्यंत दात घासायलासुद्धा उकळून गार केलेलंच पाणी.


प्रयोगशाळेतला
२५ जुलै, रात्री ९.५०

शुभ्राताईंना अनुमोदन. मी नौपाड्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. रोज लोक रिपोर्ट घ्यायला येतात तेव्हा पहिला प्रश्न "एसजीपीटी किती आलं?" हाच असतो. एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, यात जीव वाचू शकतो.

एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशी फुटल्यावर रक्तात सांडलेला एन्झाइम. तो दोन हजार, तीन हजार झाला म्हणून माणूस जाणार असं नाही. लिव्हर काम करतंय की नाही ते आयएनआर सांगतो, कारण रक्त गोठवणारे घटक लिव्हरच तयार करतं. दिरांचा १.६ आला म्हणून डॉक्टरांनी ॲडमिट केलं ते अगदी योग्य केलं. आणि एसजीपीटी भराभर उतरतंय, पण बिलिरुबिन आणि आयएनआर चढतायत, असं दिसलं तर ती सुधारणा समजू नका. फुटायला पेशीच उरल्या नाहीत असा त्याचा अर्थ असू शकतो. त्या वेळी लिव्हरच्या डॉक्टरांची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला लगेच हलवायचं.

घरी बघायच्या खुणा: माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, बोलणं असंबद्ध होतं, हात पुढे केल्यावर पंजे फडफडतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, उलट्या थांबत नाहीत. लहान मूल एकदम चिडचिडं किंवा सुस्त झालं, आईला ओळखेनासं झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.


अबोली_घोडबंदर
२६ जुलै, सकाळी ६.३०

खूप खूप आभार. दोघांचीही आयजीएम अँटी-एचएव्ही पॉझिटिव्ह आहे, ई निगेटिव्ह. कागद घरातच होता, मला वाचता येत नव्हता. दिरांचा कालचा आयएनआर १.४ आहे, उतरतोय. गरोदर ताईंच्या घरी जाऊन बोलून आले, त्या आज जातायत.

पथ्याचं काय? घरात हळद, तेल, तूप सगळं बंद केलंय. मुलगा फोडणी मागतोय आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.


शुभ्रा_ऐरोली
२६ जुलै, सकाळी ७.१०

द्या त्याला फोडणीचा भात! भूक लागलीय ही सगळ्यात चांगली बातमी. हळदीने कावीळ वाढत नाही, रंग एकच आहे एवढंच. मळमळत असेल तेव्हा तेलकट पदार्थ माणूस स्वतःच नको म्हणतो, तेवढं पुरतं. बाकी घरचं नेहमीचं जेवण द्या. लिव्हर भरून यायला अन्न लागतं. पंधरा-पंधरा दिवस नुसत्या उकडलेल्या भाज्या आणि पेजेवर ठेवून हाडं निघालेली मुलं मी वॉर्डात बघितली आहेत.

उसाचा रस गाडीवरचा नको. गोडाने काही बिघडत नाही, पण तो बर्फ कुठल्या पाण्याचा आणि ते पेले कुठल्या बादलीत विसळले हे आपल्याला माहीत नसतं. बाकी पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तेवढीच. दिरांना बरं झाल्यावरही दारू काही महिने पूर्ण बंद. झाडपाल्याचा काढा कुणी कितीही प्रेमाने आणून दिला तरी नाही. सुजलेल्या लिव्हरला तो पचवायचं नवं काम देऊ नका.


नानाकाका_कोपरी
२६ जुलै, सकाळी १०.२५

शुभ्राताई, तुमचं सगळं पटतं. तरी एक विचारतो, राग मानू नका. माळेत काहीच नसेल तर आम्ही तिघं भाऊ बरे कसे झालो? आणि हातावर चुना लावून पिवळं पाणी उतरवतात, ते तर मी डोळ्यांनी पाहिलंय.


शुभ्रा_ऐरोली
२६ जुलै, दुपारी ४.००

काका, राग कसला. हा प्रश्न वॉर्डात प्रत्येक आजी विचारते.

हेपटायटिस ए झालेल्या शंभरातले नव्याण्णवहून जास्त जण आपोआप बरे होतात. तुम्ही तिघं तुमच्या शरीराच्या ताकदीने बरे झालात, नाव माळेचं झालं. माळ वाढते त्याचं कारण तिच्या गाठीत आहे. हिरव्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात सैल गाठींनी ओवलेले असतात. काड्या वाळतात, आक्रसतात, गाठी ढिल्या होतात आणि दोरा लांबतो. निरोगी माणसाच्या गळ्यात घातली तरी ती तेवढीच उतरते. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, त्यावर चुन्याचं पाणी पडलं की पिवळा रंग येतो. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हा प्रयोग शाळाशाळांतून करून दाखवतात.

नुसती माळ घातली तर अपाय नाही, हे मान्य. अपाय वेळेचा होतो. ज्या एका पेशंटचं लिव्हर बसायला लागलेलं असतं, त्याचे मोलाचे चार दिवस माळ उतरण्याची वाट बघण्यात जातात. आणि नाकात थेंब टाकून कावीळ उतरवतात तिथे तर मुलांना कधीच नेऊ नका. नाकाचं आतलं अस्तर जळतं आणि पिवळं पाणी येतं ते त्या जळण्याचं.


खाडीकाठ
२६ जुलै, रात्री १०.४५

शुभ्राताईंच्या "वेळेचा अपाय" या शब्दांवर लिहावंसं वाटलं. दोन वर्षांपूर्वी तुर्भ्याला आमचा एक सहकारी मुसळधार पावसात गुडघाभर पाण्यातून गोदामापर्यंत चालत आला. टाचेला भेग होती. आठवड्याने ताप, मग डोळे पिवळे. घरच्यांनी कावीळ म्हणून गावी न्यायची तयारी केली. त्याची बायको हुशार, तिच्या लक्षात आलं की डोळे पिवळे आहेत तसे लालही आहेत, पोटऱ्यांना हात लावू देत नाही आणि लघवी कमी झालीय. हॉस्पिटलमध्ये नेलं तर लेप्टोस्पायरोसिस निघाला. उंदीर-घुशींच्या मूत्रातले जंतू पाण्यातून भेगेत शिरतात. हा आजार विषाणूचा नाही, जिवाणूचा आहे, त्याला अँटिबायोटिक लागतं आणि ते वेळेत लागतं. किडनी वाचली. गावी नेला असता तर वाचली नसती.


सेक्टर_१५
२७ जुलै, रात्री १.२०

हे मी पहिल्यांदाच कुठे लिहितोय. कोपरखैरणेत राहतो, वय ३४. सहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा. एचबीएसएजी, म्हणजे हेपटायटिस बी ची तपासणी, पॉझिटिव्ह. डोळे पांढरेशुभ्र, भूक उत्तम, एकही तक्रार नाही. कावीळ मला आजतागायत झालेली नाही. लिव्हरचा आजार आणि पिवळे डोळे हे समीकरण लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की डोळे पिवळे नसले तर आपण सुरक्षित असं वाटतं. म्हणून लिहितोय.

हेपटायटिस बी पाण्यातून येत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला येतो. डॉक्टरांनी घरच्यांना तपासायला सांगितलं तेव्हा आईलाही निघाला. तिला कल्पनाच नव्हती. जन्माच्या वेळी लागण झालेल्या साधारण ९० टक्के बाळांत हा विषाणू कायमचा राहतो, मोठेपणी लागण झाली तर ५ टक्क्यांहून कमी जणांत. माझा कधी आला ते यावरून समजलं. आई रात्रभर रडली. तिला किती वेळा सांगितलं की तू दिला नाहीस, तुलाही कुणीतरी दिलेलाच आहे.

मी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करतो, कारण वर्षानुवर्षं गुपचूप राहून हा सिऱ्होसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) किंवा लिव्हरच्या कॅन्सरकडे नेऊ शकतो. टेनोफोव्हिर रोज एक गोळी चालू आहे. सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. बायकोने लग्नाआधी लशीचे तीनही डोस घेतले. मुलगी झाली तेव्हा तिला पहिल्या २४ तासांतला डोस मिळाला, पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट. तिची तपासणी निगेटिव्ह आहे. बायकोच पॉझिटिव्ह असती तर बाळाला जन्मानंतर १२ तासांत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही द्यावं लागलं असतं.

एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, बाळाचा पापा घेतल्याने हा पसरत नाही. जुन्या ऑफिसमध्ये हे कळल्यावर माझा कप वेगळा काढून ठेवला होता. त्या कपावर माझं नाव लिहिलेली चिकटपट्टी अजून डोळ्यांपुढे येते.


निळी_छत्री
२७ जुलै, सकाळी ७.४५

सेक्टर_१५, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या बाबांना हेपटायटिस सी होता, जुन्या ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या रक्तातून आला असावा असं डॉक्टर म्हणाले. बारा आठवडे गोळ्या घेतल्या आणि विषाणू पूर्ण गेला. सी ला लस नाही, पण ९५ टक्क्यांहून जास्त जण आता असे बरे होतात. ज्यांना पूर्वी कधी रक्त चढवलंय त्यांनी एकदा तपासणी करून घ्या.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या लसीच्या कार्डावर हेपटायटिस बी आहे, ए नाही. राहून गेली का?


शुभ्रा_ऐरोली
२७ जुलै, दुपारी २.३०

राहून गेलेली नाही, ए ची लस सरकारी मोफत यादीत नाहीच. मुलांच्या डॉक्टरांकडे पैसे भरून मिळते, वर्षाच्या वयानंतर कधीही. एक प्रकार एकाच डोसचा, दुसरा सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोसचा. मोठ्यांनाही घेता येते. अबोलीताई, तुमच्या बिल्डिंगमधल्या ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनी डॉक्टरांना आजच विचारावं. संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत घेतली तरी उपयोग होतो. गरोदर बाईने मात्र स्वतःच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.


जलअभियंता_निवृत्त
२७ जुलै, सायंकाळी ६.१०

पेशंटचं बोलणं झालं, आता पाण्याचं बोलतो. तेहतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली.

अबोलीताई, मुलाला ताप आला त्या दिवसापासून मागे मोजा. हेपटायटिस ए चा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस, सरासरी २८. म्हणजे जूनच्या मध्यावर तुमच्या पाण्यात काहीतरी घडलं. त्या दिवसांत पहिला मोठा पाऊस झाला का? टँकर मागवला होता का? अंडरग्राउंड टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीला समपातळीत आहे का? ड्रेनेजचं चेंबर टाकीपासून किती फुटांवर आहे?

ठाण्याला भातसाचं, शहाडचं, बारवीचं पाणी येतं, नवी मुंबईला मोरबेचं. ते शुद्ध होऊनच निघतं. पण आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब जातो, आणि गटाराजवळून जाणाऱ्या पाइपाला बारीकशी चीर असेल तर तो बाहेरचं घाण पाणी आत ओढून घेतो. टाकी हा दुसरा कच्चा दुवा.

आमच्या शिक्षणात १९५५-५६ चं दिल्लीचं उदाहरण असायचं. यमुनेचा पूर ओसरताना गटाराचं पाणी उलटं पाणी घेण्याच्या ठिकाणापर्यंत आलं. अभियंत्यांनी क्लोरीन वाढवलं, त्यामुळे जिवाणू आटोक्यात राहिले, टायफॉइडची साथ आली नाही. विषाणू मात्र निसटला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तो हेपटायटिस ई होता हे साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी कळलं. पाणी दिसायला स्वच्छ, वासाला ठीक, म्हणून चांगलं असं मी तेव्हापासून कधी म्हटलेलं नाही.

काय करायचं ते सांगतो. टाकी पूर्ण रिकामी करून घासून घ्या, ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने धुवा, ते पाणी सोडून द्या, मग भरा. झाकण फरशीपेक्षा उंच कडा बांधून बसवा. नंतर ओटी टेस्ट करा. छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, पांढरंच राहिलं तर नाही. वापराच्या शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळायला हवं, म्हणून टेस्ट वरच्या मजल्यावरच्या नळाची करा, खालच्या टाकीची नको. तोवर पिण्याचं पाणी खळखळ उकळून घ्या. फिल्टर असला तरी चूळ, भाजी धुणं आणि बर्फाचे ट्रे नळाच्याच पाण्यावर चालतात, ते विसरू नका.


अबोली_घोडबंदर
२ ऑगस्ट, रात्री १०.१५

उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचं लिखाण प्रिंट काढून सोसायटीच्या मीटिंगला नेलं होतं.

जलअभियंता काका, तुमच्या प्रश्नांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात पार्किंगमध्ये पाणी तुंबलं होतं. झाकण फरशीला समपातळीत आहे, आणि चेंबर तिथून जेमतेम पाच फुटांवर. टाकी उपसली तेव्हा मी खाली उभी होते. एका कोपऱ्यात भिंतीतून बारीक ओल पाझरत होती, चेंबरच्याच बाजूने. गवंड्याने बोट फिरवून मला हुंगायला दिलं. ते पाणी दीड महिना आम्ही चौऱ्याऐंशी घरांत वापरत होतो.

भिंत आतून प्लास्टर करून घेतली, झाकणाला फूटभर कडा बांधली, महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवलं. त्यांची माणसं येऊन नमुने घेऊन गेली, घरोघरी विचारपूस करून गेली. मीटिंगमध्ये काही जण म्हणाले की बाहेर बोलू नका, फ्लॅटचे भाव पडतील. त्यावर गरोदर ताईंचे सासरे उभे राहिले आणि फक्त एवढंच म्हणाले, "माझ्या घरात बाळ येणार आहे." पुढे कुणी बोललं नाही.

त्या ताईंचं ए आणि ई दोन्ही निगेटिव्ह आहे, एन्झाइम नॉर्मल. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय, कारण विषाणू पोटात असून अजून दिसत नसेल अशी शक्यता आहे. त्या नाशिकला माहेरी गेल्या. दीर परवा घरी आले, आयएनआर १.१, पण जिन्याच्या दहा पायऱ्या चढून बसतात. नवऱ्याने आणि मी लस घेतली. सासूबाईंनी माळेचं नाव काढलं नाही, काल स्वतः मुलाला फोडणीचा भात करून वाढला.

आज सकाळी सातव्या मजल्यावरच्या आमच्या नळाची ओटी टेस्ट केली. थेंब टाकले, नळी गॅलरीत उजेडाकडे धरली. पाणी पिवळं झालं. मुलगा बाजूलाच उभा होता, म्हणाला, "आई, हे पिवळं चांगलं ना?"

आता दर सोमवारी टेस्ट करून आकडा लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहायचं काम त्याने मागून घेतलंय.


नानाकाका_कोपरी
३ ऑगस्ट, सकाळी ६.५०

अबोलीताई, ती ओटीची बाटली कुठे मिळते? आमच्या टाकीचं झाकणही फरशीलाच आहे. आज खाली जाऊन बघून आलो.